चौथं चाक

आनंदरावांचं गॅरेज वाडीत, अमरावती रोडवरून गोदामांच्या गल्लीत वळलं की डाव्या हाताला. गॅरेज म्हणजे काय, तर टिनाचं शेड, एक खड्डा आणि दारात कडुनिंब. मोठ्या दुकानांत कॉम्प्युटर लावून गाड्या तपासतात. आनंदराव पॅडलवर पाय ठेवून तपासत. ब्रेकच्या कामात त्यांचा हात कोणी धरणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. हे ऐकलं की गेली सहा वर्षं ते उगाच पाना शोधायला वळत.

मे महिन्यातल्या एका सकाळी दोरीनं ओढत एक जुनी पांढरी मारुती आली आणि मागोमाग स्कूटरवर मधुवंती. जुनं गिऱ्हाईक असलेल्या गिरिधरकाकांची मुलगी. आनंदरावांनी गाडी नंबर न बघताच ओळखली.

"ब्रेक लागतच नाहीत, काका. पॅडल पार खाली जातं," मधुवंती म्हणाली. "बाबा गेले जानेवारीत. गाडी पुन्हा चालती करावी म्हटलं, नवी बॅटरी टाकली. आई गेली त्या अपघातानंतर पत्रा ठोकून आणली, तेव्हापासून दारात उभीच होती."

"सहा वर्षं झाले," आनंदराव म्हणाले.

"हो. आणि सहा वर्षं मी बाबांशी धड बोलले नाही. शेवटी दवाखान्यातसुद्धा नाही. त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला असता तर आई वाचली असती ना?"

आनंदरावांनी बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. चार वाजता ये, एवढं कसंबसं म्हणाले.

खरं काय ते जगात एकट्या आनंदरावांना माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गिरिधरकाकांनी गाडीचं ब्रेक ऑइल बदलायला आणलं होतं. ऑइल बदललं की चारी चाकांतून हवा काढावी लागते, नाहीतर पॅडल स्पंजासारखं दबतं आणि ब्रेक लागत नाही. हे एकट्याचं काम नव्हे. एकानं आत बसून पॅडल तीनदा दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं चाकामागचा पोकळ स्क्रू, म्हणजे निपल, ढिला करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि पुन्हा आवळायचा. त्या दिवशी आत बसायला कोणी नव्हतं, म्हणून काका स्वतःच बसले. "दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं." तीन चाकं झाली. मागचं डावं राहिलं. त्याचा निपल गंजून बसला होता. जोर लावला तर तुटणार, तुटला तर चाकातला ब्रेकचा सिलिंडर बदला, आणि बाहेर चार गाड्या रांगेत.

"आता चौथं?" काकांनी आतून विचारलं.

"त्याचं सुरुवातीलेच झालं जी."

निघताना काका म्हणाले, पॅडल थोडं मऊ लागतंय. "नवीन ऑइल आहे," आनंदराव म्हणाले, "बसन दोन दिवसांत."

पाचव्या दिवशी ती गाडी उभ्या ट्रकच्या मागे घुसली. डाव्या सीटवर काकांच्या पत्नी यमुताई होत्या. तेरवीला आनंदराव गेले, तर काकांनी सगळ्या नातेवाइकांसमोर त्यांचा हात हातात घेतला. "यानं काम चोख केलं होतं," काका म्हणाले. "माझाच पाय उशिरा पडला." मधुवंती समोरच उभी होती. आनंदरावांनी तोंड उघडलं नाही. वर पंगतीला बसून जेवून आले. माणसाला लाज नसावी ती किती!

आता ते कामाला लागले. ऑइल होतं. कुठे गळती नव्हती. तरी मास्टर सिलिंडरचं किट बदललं, होजपाइप बदलले, आणि मग मागच्या डाव्या चाकाशी बसले. ड्रम काढला, जुना सिलिंडर उतरवला, नवा चढवला. तेव्हा ज्याला भ्याले ते काम वीस मिनिटांत झालं. वीस मिनिटं! आनंदराव तिथेच जमिनीवर बसून राहिले.

पॅडल दाबायला त्यांनी शेजारच्या चहावाल्या गणपतरावांना बोलावलं. तीन चाकांतून स्वच्छ ऑइल आलं. चौथ्यातून बुडबुडे. एक बाटली भरली, दुसरी भरली, बुडबुडे संपेनात. आणि निपल उघडायच्या आधीच आत पॅडल करकरायचं.

"गणपतराव, मी म्हटल्यावर दाबा ना. इतकी घाई काहून?"

गणपतराव खाली उतरले. त्यांच्या कपाळाला घाम होता, पण तो उन्हाचा दिसत नव्हता.

"मी कुठं दाबून राहिलो गा? पॅडल माह्या पायाखालून आपल्या मनानं खाली जाते." त्यांनी चपला चढवल्या. "दूध उतू जाऊन राहिलं असन माहं."

टपरीवर स्टोव्ह बंद होता.

दुपारचा एक वाजला. गल्लीत ट्रक थांबले होते, हमाल सावलीला गेले होते. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. आनंदराव पुन्हा गाडीखाली आडवे झाले, निपलवर पाना लावला, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "दाबा."

पॅडल करकरलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा, आणि धरून ठेवलं.

त्यांच्या हातानं निपल ढिला केला. ऑइल आलं, बुडबुड्यांसकट.

"सोडा," ते म्हणाले. आवाज स्वतःचाच वाटेना.

पॅडल सावकाश वर आलं.

बाहेर येऊन त्यांनी आत पाहिलं. सीट रिकामी होती. काचा बंद होत्या.

पळून जाता आलं असतं. पण सहा वर्षांपूर्वी सुटलेल्या चौथ्या चाकासाठी कोण थांबून राहिलं होतं, ते त्यांना कळलं होतं. ते परत गाडीखाली गेले. दाबा, सोडा. दाबा, सोडा. अकराव्या वेळी बुडबुडा आला नाही.

"झालं, काका," ते म्हणाले आणि तोंडावर हात दाबून रडले. आज पोरीला सगळं सांगायचं, त्यांनी ठरवलं.

चार वाजता मधुवंती आली.

"काय झालं होतं हो?"

आनंदरावांनी हात पुसले. खूप वेळ पुसले.

"काही नाई बेटा. उभ्या गाडीचे रबर वाळतात."

बोलून गेले, आणि जीभ झडावी असं वाटलं.

मधुवंतीनं गाडी सुरू केली. गिअर टाकला. इंजिन गुरगुरलं, दणका देऊन बंद पडलं. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मागचे लाल दिवे पेटलेले होते.

"ब्रेकवरचा पाय काढ, बेटा."

"माझा पाय नाहीये ब्रेकवर."

तिनं गिअर काढला, इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरून त्यांच्यापाशी आली. तिचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

लाल दिवे तसेच.

दोघंही त्या दिव्यांकडे बघत राहिले.

"मी खोटं बोललो," आनंदराव म्हणाले. "आत्ताबी, अन् तवाबी. या चाकाची हवा मी काढलीच नव्हती. तुह्या बाबांनी वेळेवर दाबला होता ब्रेक. पाय उशिरा नव्हता पडला त्यांचा."

तिनं विचारलं, "बाबांना माहीत होतं?"

"नाई. त्यांले मी कधी सांगतलंच नाई."

दिवे विझले.

तिनं शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी, असं आनंदरावांना फार वाटत होतं. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं उघडं दार तिनं हलकेच लावलं, मागून वळसा घालून गेली आणि डाव्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावला. उजवीकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. बराच वेळ बोलत होती.

मग अमरावती रोडच्या बाजूचा इंडिकेटर लागला. मधुवंतीचे दोन्ही हात मांडीवर होते.