क्राकोवची लाल नखं

अल रय्यानच्या त्या मोठ्या दुकानात हजरा कोथिंबीर घ्यायला शिरली आणि दुधादह्याच्या थंड कपाटापाशी तिला जैद दिसला. दोन्ही हातांत लबनेचे, म्हणजे अरबी घट्ट दह्याचे डबे, चेहऱ्यावर अवघड पेपर हाती पडल्याचा भाव. पोलंडहून येऊन दोन दिवस झाले, तिला फोन नाही, मेसेज नाही... आणि साहेब इथे निवांत दही निवडतायत. आधी तिला त्याला पाहून बरं वाटलं. मग बरं वाटल्याचाच राग आला.

जैद तिच्या मैत्रिणीचा, इकराचा भाऊ, रास लफानच्या गॅस प्रकल्पात टेक्निशियन. दोन्ही घरं आखातात स्थिरावलेली, पण मूळची श्रीवर्धनकडची, त्यामुळे शुक्रवारची जेवणं एकमेकांकडे ठरलेली. जेवताना जैदनं तिच्याकडे बघायचं आणि तिनं वर पाहिलं की पाण्याच्या ग्लासात डोकं घालायचं, हेही ठरलेलं. कंपनीनं त्याला ट्रेनिंगला क्राकोवला पाठवलं, तेव्हा निघताना तो एवढंच म्हणाला होता, "फोटो पाठवीन."

पाठवलेही. त्या जुन्या शहराचे, किल्ल्याचे, चर्चचे थोडे. बाकी सगळे ताटांचे. करंजीसारखी दिसणारी, बटाटा आणि पनीर भरलेली पिरोगी, बिटाचं लालभडक सूप, मशरूमचं काहीबाही... आणि प्रत्येक ताटापलीकडे एका बाईचा हात. लाल नखांचा. हजरानं पिरोगी कमी आणि नखंच जास्त मोठी करून पाहिली होती. त्या हाताचं नावही तिला कळलं होतं. मॅग्दा, तिथल्या ऑफिसातली. पहिल्या ताटापासून प्रत्येक फोटोला हजराचं एकच उत्तर गेलं – 'छान.' त्या शब्दाला लावता येईल तेवढी मिरची लावून.

"आलास वाटतं," ती आता म्हणाली.

जैद दचकला. निसटणारा डबा त्यानं पोटाशी धरला. "हजरा... मी तुझ्याकडेच येणार होतो. म्हणजे... आधी पिरोगी जमवून मग..."

"मग मॅग्दाला विचार ना, कुठलं पनीर घालायचं ते."

"विचारलं की. ती म्हणाली, पाणी काढून लबने चालेल."

झालं, आगीत तेलच.

"बराच वेळ दिसतो रे तिला."

"चांगली आहे ती. माझ्यासाठी सगळं शहर पालथं घातलं तिनं. प्रत्येक हॉटेलात आत जाऊन विचारायची, डुकराची चरबी घालता का, कशात परतता. कितीतरी ठिकाणांहून उठून आलो आम्ही."

"हो ना. रोज नवीन हॉटेल, ताटात रोज दोन काटे."

"काटे?"

"फोटोत दोन असायचे," हजरा म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येईना. तिनं ट्रॉली वळवली. "खलास. चालू दे तुमचं."

जैदनं ट्रॉलीचं दुसरं टोक धरलं. "थांब गो. रोज नवीन हॉटेल तुझ्यामुळेच तर शोधायला लागलं."

"माझ्यामुळे?"

"पहिल्याच दिवशी झकास जागा सापडली होती. बटाट्याची पिरोगी, लोण्यात परतलेली, वर कांदा. तुला फोटो पाठवला. तू लिहिलंस, छान. नुसतं छान. खरंच आवडलं की तू पानभर बोलतेस, हजरा. मला वाटलं, हिला पसंत नाही. म्हणून दुसरी जागा शोधली. तिथंही तुझं छान. शेवटी मॅग्दा कंटाळली. म्हणाली, एवढं नाजूक पोट आहे तरी कुणाचं? मी म्हटलं, माझं नाही. मी उकडलेल्या अंड्यांवर महिना काढेन. पण..."

"पण काय?"

"लग्नानंतर हिला क्राकोवला आणलं तर हिला तिथलंच, अस्सल काहीतरी खायला मिळायला हवं. हिला जुनी शहरं आवडतात, आणि उपाशी राहिली की ही शहर बघत नाही... भांडते."

एका बाईला दूध घ्यायचं होतं. तिला वाट द्यायला दोघं एकाच बाजूला सरकले. कपाटाचा गारवा पाठीला लागत होता, तरी हजराचे कान तापले. म्हणजे आपल्याच जळफळाटानं त्या लाल नखांना रोज त्याच्यासमोर जेवायला बसवलं होतं. तिला हसू आलं, लाजही वाटली, आणि मॅग्दाचा राग मात्र तेवढाच राहिला.

"ही म्हणजे कोण?" तिनं हळूच विचारलं.

"अजून विचारलं नाही तिला. आधी खाऊ घालणार होतो. मग..."

"उपाशीपोटीच विचार."

जैदनं विचारलं. दह्याचा डबा छातीशी धरून, इतक्या हळू आवाजात, की शेवटचा शब्द तिला त्याच्या ओठांवरूनच ओळखावा लागला.

"शुक्रवारी अब्बांशी बोल," हजरा म्हणाली. "मी हो सांगितलंय म्हणावं. पण क्राकोवला गेल्यावर मॅग्दा आपल्याबरोबर फिरणार नाही."

जैदचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "मला तिथले रस्ते आठवत नाहीत गो. सगळीकडे तीच घेऊन जायची."

"मग हरवू," हजरा म्हणाली. "पण दोघंच."