आधी बॅकअप

कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात बंडूचे केस पिकले होते, पण रजिस्ट्रीला हात घालताना तो अजून दहादा विचार करायचा. रजिस्ट्री म्हणजे मशीनच्या सगळ्या सवयींची नोंदवही. एक आकडा चुकला की मशीन आडवं. म्हणून त्याचा एकच नेम होता: आधी बॅकअप, मग बदल.

त्या रविवारी दुपारी तो ताईकडे आला होता. मशीन फार रेंगाळतंय, अशी दाजींची तक्रार होती. दाजी आंघोळीला गेले होते. ताईचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. दोन महिन्यांतलं हे दुसरं प्लॅस्टर.

"दाजींनी?" त्याने हळूच विचारलं.

"हात नाही रे लावत ते मला," ताई म्हणाली. "नुसते कॉम्प्युटरवर बसलेले असतात. आणि इकडे माझं काहीतरी मोडतं."

बंडूला तिचा रागच आला. नवऱ्यावर किती पांघरूण घालायचं माणसाने!

ती स्वयंपाकघरात गेली. त्याने रजिस्ट्री उघडली, बॅकअप घेतला. यादीच्या तळाशी दोन नोंदी होत्या, चक्क मराठीत. 'मी' आणि 'बायको'.

त्याने 'बायको' उघडली. उजवं मनगट: ०. डावं मनगट: १. जबडा, बरगड्या, गुडघे, सगळ्यांपुढे १. कसली ही थट्टा, असं म्हणत त्याने उजव्या मनगटापुढे १ लिहिला.

आत भांडं पडलं. ताई बोटांची उघडझाप करत बाहेर आली. "दुखायचं थांबलं रे," म्हणाली आणि रडायलाच लागली.

बंडूचं डोकं फिरलं. 'मी' उघडून त्याने उजव्या मनगटापुढे ० टाकला.

बाथरूममध्ये वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि दाजी किंचाळले. बंडू थांबला नाही. गुडघा. दुसरा गुडघा. बरगड्या, एकेक करून. प्रत्येक शून्यासरशी दाराआड काहीतरी मोडत होतं आणि त्याला बरं वाटत होतं. जबड्यानंतर नुसती ओली घरघर उरली. दाराच्या फटीतून लाल पाणी बाहेर आलं.

ताईने त्याचा खांदा घट्ट धरला. "मरतील ते. तुझ्या हातून नको रे. पहिल्यासारखं कर सगळं."

हात सवयीने बॅकअपवर गेला. दोनदा क्लिक.

घरघर थांबली.

शेजारी कट्कन आवाज आला. ताई मनगट पोटाशी धरून खाली बसली. बॅकअप पहिल्या बदलाच्या आधीचा होता; तिचा शून्यही त्यात होता.

बाथरूमचं दार उघडलं. दाजी धडधाकट, डोकं पुसत आले. "ऊठ," म्हणाले. बंडू उठला. खुर्चीवर बसून त्यांनी नवी नोंद केली: 'मेहुणा'.

"दाजी," त्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "आधी बॅकअप..."

"मी कधी घेत नाही," दाजी म्हणाले. टॉवेलची घडी मांडीवर ठेवून त्यांनी पहिला शब्द टाइप केला: बोटं.