एका मिनिटाची मुदत

"ही स्क्रीन कुठल्या शहाण्यानं बनवलीय?"

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. तो फोनवर कुणावर तरी डाफरत होता आणि तो शहाणा — म्हणजे मी — शेजारीच चहाचा कप धरून उभी!

"मी," मी म्हटलं. त्याचा चेहरा असा काही उतरला की मला रागावताच येईना.

तो नेटवर्क इंजिनिअर. कॉम्प्युटरच्या आत नेटवर्क जोडणारे नुसत्या सॉफ्टवेअरचे स्विच असतात, हाताला न लागणारे. त्यांच्या सेटिंग्जची स्क्रीन मी आखलेली. सकाळी त्यानं घरून एक बटण दाबलं आणि ज्या स्विचमधून तो ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरला होता, तोच बंद करून बसला. आता घरून तो पुन्हा सुरू करता येईना, मग दीड तास धक्के खात ऑफिसात आला.

"चूक माझीच होती," तो ओशाळून म्हणाला.

"छे! माणूस चुकणारच. स्क्रीननं सांभाळून घ्यायला नको?"

"असं मला आजवर कुणी म्हटलं नाही..."

पुढचे तीन आठवडे आम्ही एका टेबलावर. चाळीस पर्यायांचे सहा केले. "एवढं सोपं केलंस तर माझी नोकरी जाईल," तो म्हणायचा आणि माझ्या कपातला चहा पिऊन टाकायचा. शेवटी उपाय सापडला : बदल केला की स्क्रीन एक मिनिट वाट पाहणार. 'चालेल' दाबलं तर बदल कायम, नाहीतर आपोआप सगळं पूर्वीसारखं.

काम संपलं. उद्यापासून तो पुन्हा घरून काम करणार होता. माझा जीव नुसता वरखाली होत होता. "तोंड उघड की," घरी मावशीनं सकाळीच झापलं होतं, "त्याला काय स्वप्न पडणार आहे?"

तो बॅग भरत होता.

"एक चाचणी राहिलीय," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. एक मिनिट आहे तुझ्याकडे. बोलला नाहीस, तर... सगळं पूर्वीसारखं."

तो बघतच राहिला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा सरकत होता. वीस सेकंद... चाळीस... काटा फिरून वर आला.

"ठीक आहे," मी हसायचा प्रयत्न केला. "मी काही बोललेच नाही."

"थांब ना! या मिनिटात खोट आहे."

"आत्ता सांगतोयस?"

"फार कमी आहे गं. माणूस गडबडला तर उत्तर द्यायला वेळ पुरत नाही. दोन मिनिटं कर."

"आणि उत्तर?"

"हो," तो म्हणाला. कान लालभडक झाले होते. "लिफ्टपासूनच हो..."

दुसऱ्या दिवशी मी मुदत दोन मिनिटांची केली. साहेबांनी कारण विचारलं.

"माणसं गडबडतात, सर," मी म्हटलं.