तांब्यावरची टिचकी

खोटं लिहून मला काय मिळणार? जपाच्या माळेवर हात ठेवून सांगते, हे आमच्याच घरात घडलं. रात्री नाही. भर दुपारी, अंगणात लख्ख ऊन असताना.

आमचे हे कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पुढची खोली त्यांचं दुकान, मागची माझ्या देवाची. जप पुरा होईपर्यंत माझं रोज मौन असतं. त्यामुळे घरात एक रीतच पडली होती. काही हवं असलं की हे टेबलावर तीनदा ठोकायचे. धाकटे भाऊजी दोनदा. मी तांब्यावर एक टिचकी मारली की ‘या’. दोन मारल्या की ‘थांबा’.

भाऊजी कधी आत यायचे नाहीत. उंबऱ्यातच, चौकटीला टेकून उभे राहायचे.

“वहिनी, थोडं मौन दादालाही शिकवा की! दिवसभर माझं डोकं खातो.”

गेल्या थंडीत भाऊजी गेले. दुकानातच, खुर्चीत बसल्या बसल्या. समोरचं मशीन चालूच होतं.

त्या मशीनला कितीतरी दिवस कुणी हात लावला नाही. त्या दुपारी ह्यांनी ते उघडलं.

“मधेच बंद पडतंय गं. रॅम गेली असेल. मेमरी तपासून बघतो.”

मी आसनावर बसले होते. नुसती मान हलवली.

बटण दाबल्याचा आवाज आला. पंखा घुमला. आणि...

टूं. टूं.

“अरेच्चा! हा कसला आवाज?”

ह्यांनी रॅमच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या. चाचणी लावली.

“एकही दोष नाही म्हणतंय. मग ओरडतंय कशाला?”

पुन्हा मशीन सुरू केलं.

टूं. टूं.

माझे डोळे मिटलेले. ओठांवर नाम. आणि बोट... बोट सवयीने तांब्यावर गेलं.

एकच टिचकी.

पंखा थांबला.

खुर्ची सरकली. पावलं आली... आणि उंबऱ्याशी थांबली.

डोळे उघडले. हेच होते. पण चौकटीला टेकून उभे.

“वहिनी, चहा टाकता का?”

भावाच्या नावाने हे कधी थट्टा करायचे नाहीत. माझं मौन तुटलं.

“अहो, असं काय बोलता?”

त्यांनी गोंधळून रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“दादा कुठे गेला?”

डॉक्टर म्हणाले, दुःखाचा धक्का आहे, वेळ जाऊ द्या. सासूबाईंचे नवस बोलून झाले. मी जप वाढवला.

वेळ गेला. फरक काहीच नाही. माझा नवरा माझ्याकडे मान वर करून बघत नाही. आदराने ‘वहिनी’ म्हणतो. पुढच्या खोलीत झोपतो.

आता ते मशीन मीच चालू करते. रोज दुपारी, जपाला बसायच्या आधी. मेमरीची चाचणी सुरू होते. दोष शून्य. मी आसनावर येऊन बसते. मग...

टूं. टूं. टूं.

तीनदा.

मी तांब्यावर टिचकी मारते. एकच. या... या ना.

पावलं येत नाहीत. नुसतं तेच, पुन्हा पुन्हा. तीनदा. तीनदा. मी टिचक्या मारत राहते. नख दुखायला लागतं.

काल उंबऱ्यातून आवाज आला.

“वहिनी, मी तर इथेच आहे. मग बोलावताय कुणाला?”

माझं मौन होतं.

पुढच्या खोलीत मशीन वाजतच होतं.