प्रश्न उत्तरात घेऊन

ताईच्या चपलांची पिशवी मांडीवर घेऊन धाकटी कॅमेऱ्यासमोरच्या लाल खुर्चीत बसली, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. ऑडिशन ताईची होती. धाकटी आली होती पिशव्या सांभाळायला, आणि ताईने 'कशी दिसतेय?' असं विचारलं की 'छान' म्हणायला.

"जरा मान वर कर."

आवाज कॅमेऱ्याच्या खालून आला. तिथे एका बुटक्या स्टुलावर एक उंच मुलगा पाय दुमडून बसला होता. डोळे तिच्याकडे होते, पण बघत होता तिच्या गालावर पडलेला उजेड.

"मी ती नाही…" धाकटी गडबडली. "माझी ताई—"

"मी फक्त लाइट बघतोय. भूक लागलीय का तुला?"

"हो."

"असं नाही चालत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "माझा आवाज नंतर कापून टाकतात. लोकांना फक्त तू ऐकू येणार. तू नुसतं 'हो' म्हणालीस तर लोक म्हणतील, ही कशाला हो म्हणतेय? प्रश्न उत्तरात घेऊन बोलायचं. आणि लेन्सकडे नाही, माझ्याकडे बघायचं. हं. भूक लागलीय का?"

पळून जावं तर मांडीवर ताईच्या चपला.

"मला भूक लागलीय का… तर हो, मला सकाळपासून भूक लागलीय. कारण ताई म्हणाली, खाल्लं की चेहरा सुजतो. आता कॅमेऱ्यात चेहरा तिचा दिसणार… आणि उपाशी मी."

तो नुसता थांबला. त्या थांबण्याचं काय करावं ते न कळून धाकटीने आणखी एक वाक्य बोलून टाकलं. "चपलाही तिच्याच आहेत. माझ्या साध्या आहेत."

पडद्यापलीकडून कोणीतरी मोठ्याने हसलं. त्या दिग्दर्शिका मॅडम होत्या, आणि त्यांना हवी होती ती मुलगी त्यांना सापडली होती.

मॅडम एक खोटा रिअ‍ॅलिटी शो बनवत होत्या, म्हणजे तशा शोची टर उडवणारी मालिका. एका घरात कॉलेजची मुलं कोंडलेली, आणि त्यांच्यात जो सगळ्यात खरा वागेल त्याला 'महाखरा' हा किताब. त्यासाठी सगळे जीव तोडून खोटं वागायचे. रडण्याची स्पर्धा असायची आणि तिची तालीमही. निवेदक 'आणि आज घराबाहेर जाणार आहे…' असं म्हणून इतका वेळ थांबायचा की मागे एकजण अंडं उकडून, सोलून, खाऊन मोकळा व्हायचा. धाकटीच्या वाट्याला आलेली स्पर्धक दर वाक्याआधी 'खरं सांगू?' असं विचारायची आणि मग धडधडीत खोटं बोलायची. सेटवर सगळे तिला 'खरंसांगू' म्हणूनच हाक मारू लागले.

आणि स्टुलावरचा तो मुलगा मॅडमचा तिसरा असिस्टंट होता, म्हणून त्याचं नाव पडलं 'तिसरा'.

ताईने आधी अबोला धरला. मग धाकटीची पावडर नीट लागलीय का हे बघायला ती सेटवर येऊ लागली, आणि पुढे पुढे तर सगळं युनिट आपल्याच पगारावर असल्यासारखी वावरू लागली. ताईचा राग असाच. दुधासारखा वर येतो, आणि कोणी 'अगं ताई' म्हटलं की खाली बसतो.

खरी नवलाई वेगळीच होती. धाकटीच्या घरात आई, मावशी आणि ताई अशा तिघी एकाच वेळी बोलायच्या. धाकटीने 'मला' म्हटलं रे म्हटलं की पुढचं वाक्य कोणीतरी पूर्ण करायचं. 'मला—' 'चहा हवाय तिला.' 'मला—' 'झोप आलीय, दिसतंय की.' बरं, बहुतेक वेळा ते बरोबरही असायचं, त्यामुळे तक्रार कुठे करणार? मावशीचं ठाम मत होतं की बोलेल त्याची बोरं विकतात. पण बोरं विकायला टोपली कोणी हातात देईल तर ना.

'कबुलीची खोली' म्हणजे प्लायवुडच्या चार भिंती, लाल खुर्ची, कॅमेरा आणि स्टूल. स्पर्धक तिथे एकटे बसून मनातलं सांगतात असं दाखवायचं. तिथे मात्र तिचं वाक्य कोणी तोडत नव्हतं, उलट अर्धं राहिलं तर पूर्ण करायला लावत होतं. आणि तिसऱ्याकडे टक लावून बघणं हा तर कामाचाच भाग होता. अशी सोय कोणत्या मुलीला मिळते?

लाइट लागेपर्यंत तो लिहिलेले सोडून भलतेच प्रश्न विचारायचा.

"केसांत आज काय घातलंयस?"

"आज मी केसांत काय घातलंय, तर ताईची क्लिप घातलीय, न विचारता. हे कापा."

"कापलं. तिला माहीत आहे?"

"तिला माहीत आहे का, तर ती दाराशी उभी आहे, म्हणजे आता झालं."

तो हसू दाबायचा. हसताना त्याचं स्टूल कुरकुरायचं, आणि साउंडवाला ओरडायचा, "तिसऱ्या, एक तर स्टूल बदल, नाहीतर स्वभाव."

एकदा तिने विचारलं, "माझं बोलून झालं तरी तू थांबून का राहतोस?"

"प्रश्न मी विचारतो," तो म्हणाला. पण कान लाल झाले होते.

मग खोट्या पावसाचा भाग आला. भोकं पाडलेल्या पाइपाखाली उभं राहून तिने पिळदार दंडांच्या एका स्पर्धकाच्या प्रेमात पडायचं होतं. ऐन प्रेमात टाकी संपली. टाकी भरेपर्यंत तो हीरो आरशात दंड बघत बसला, आणि धाकटी कुडकुडत राहिली. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी तिच्या खांद्यांवर कोरडा टॉवेल टाकला आणि हातात गरम कप दिला. तिने वळून बघितलं. तिसऱ्याचा स्वतःचा शर्ट पाइप धरून धरून चिंब झाला होता. टाकी भरली, पाऊस पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी प्रेमात पडायचा अभिनय तिला फार सोपा गेला. मॅडम म्हणाल्या, "सुंदर. पण बाळा, हीरो डावीकडे आहे."

शेवटच्या शूटिंगच्या आदल्या दिवशी ताईने बातमी आणली. तिसऱ्याला दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालंय, परवा सकाळच्या गाडीने निघतोय. मनातलं धाकटी त्या एका खोलीतच बोलू शकायची, आणि उद्यानंतर ती खोली मोडणार होती.

सकाळी ती पोहे नुसतेच चिवडत बसली.

"मला—" ती म्हणाली.

"पोटात दुखतंय हिच्या," मावशी म्हणाली.

"मावशी, मला वाक्य पूर्ण करू दे."

घरात पहिल्यांदाच शांतता झाली. आईचा हात कढईवर तसाच थांबला.

"मला आज एकाचे आभार मानायचेत," धाकटी म्हणाली, "आणि ते मला नीट मानता येतील की नाही, याची भीती वाटतेय."

मावशीने उठून दुसरा डबा काढला. "त्यालाही दे," ती म्हणाली. 'त्यालाही' म्हणजे कोणाला, हे धाकटीने सांगितलेलंच नव्हतं.

त्या दिवशीचा प्रसंग खरंसांगूच्या घराबाहेर जाण्याचा होता. तिसऱ्याने कागदावरचा प्रश्न विचारला, "जाताना कोणाचे आभार मानशील?" तिने म्हणायचं होतं, 'खरं सांगू? कोणाचेच नाही, सगळं माझं मीच केलं.'

"खरं सांगू?" धाकटीने सुरुवात केली… आणि थांबली. समोर तोही थांबला होता, नेहमीसारखा.

"जाताना मी कोणाचे आभार मानीन, तर… जो मला रोज दिसतो आणि तुम्हाला कधीच दिसत नाही, त्याचे. मला बोलता यायचं नाही असं नाही. माझं बोलणं संपेपर्यंत कोणी थांबलंच नव्हतं. हा थांबला. म्हणून मला काय म्हणायचंय ते मलाही कळायला लागलं. त्याचा आवाज तुम्ही कापून टाकता. मला घरी गेल्यावरही तोच ऐकू येतो."

साउंडवाला हेडफोन काढून हातात घेऊन बसला होता.

"कट," मॅडम हळूच म्हणाल्या. "फार छान. पण आपल्या उपयोगाचं नाही गं, यात एक शब्दही खोटा नाही. कागदावरचं घेऊ. आणि हा टेक कुठेही जाणार नाही, मी स्वतः पुसते."

दुसऱ्या टेकला धाकटी इतकं सफाईदार खोटं बोलली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आवराआवर सुरू झाली. तिसरा खोलीत वायर गुंडाळत होता, आणि गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळत होता. कॅमेरा गेला होता. नुसतं स्टँड उभं होतं. धाकटी डबा घेऊन आत आली.

"तुझं ते… मघाचं…" तो म्हणाला. एवढ्यावरच गाडी अडली.

"बस त्या खुर्चीत." ती स्वतः स्टुलावर बसली. "लेन्सकडे नाही, माझ्याकडे बघायचं."

"लेन्स नाहीच आहे."

"म्हणून तर सोपं आहे. उद्या गेल्यावर माझी आठवण येईल का?"

"हो."

"असं नाही चालत."

तो हसला, मग हसू विरलं. ती थांबली, अगदी त्याच्यासारखी. बाहेर कोणीतरी ठोकून ठोकून भिंत सुटी करत होतं.

"मला तुझी आठवण येईल का… तर मी अजून गेलो नाही, तरी येतेय. मी विचारणार होतो तुला. रोज. पण माझे महत्त्वाचे प्रश्न नेहमी दुसऱ्यांनी लिहिलेले असतात… सवयच नाही." त्याने वायर बाजूला ठेवली. "तू मला आवडतेस. त्या चपलांच्या पिशवीपासून. हे कापू नकोस."

"नाही कापत," धाकटी म्हणाली. "आता तुझ्या मनाने एक प्रश्न विचार."

"मी तुला आवडतो?"

"हो."

तो वाट बघत राहिला. ती नुसती हसत होती. स्टूल कुरकुरलं.

"एवढंच?" त्याने विचारलं. "प्रश्न उत्तरात घेऊन…"

"कशाला?" ती म्हणाली. "इथे तुझा आवाज कोणी कापत नाहीये."