तिसऱ्या डब्यातली वही

"होकायंत्र उलटं धरलंय तुम्ही."

मी मान वर केली. समोर हातविणीचा निळा स्वेटर, आणि त्या स्वेटरपेक्षा जास्त उबदार हसू.

"उलटं धरलं म्हणून उत्तर दिशा जागा सोडते का?" मी म्हणाले.

"ती नाही सोडत. पण आपण दोघं दरीत जाऊ. आपली जोडी लागलीय." त्याने चिठ्ठी पुढे केली. त्यावर दोन नावं होती. राजनंदिनी आणि रविराज.

सत्त्याण्णवचा फेब्रुवारी. माघ उतरणीला लागला होता, थंडीही. डोंगरगणच्या डोंगरात सावेडीतल्या भटक्या मंडळाने 'डबेशोध' ठेवला होता. पाच डबे पाच ठिकाणी लपवलेले, दर डब्यात पुढच्याची खूण. डब्यातल्या वहीत नावं लिहायची, एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची. माझी मैत्रीण सायली मला इथे ओढून घेऊन आली, आणि चिठ्ठीत तिला दुसरी जोडीदार निघाल्यावर टाटा करून निघूनही गेली!

मी कशाला नाही म्हणू? आमचं गाव या डोंगराच्याच पायथ्याशी. गावात सप्ताह चालू होता आणि संध्याकाळी साडेपाचला माझ्या वडिलांचं, रंभाजीबुवांचं कीर्तन होतं. घरात आम्ही त्यांना दादा म्हणतो. चालत चालत डबे शोधायचे, आणि पलीकडे उतरलं की घर.

"डबे मीच केलेत," रविराज म्हणाला. "सुप्याला कारखान्यात आहे. पत्र्याचे तुकडे उरतात, त्यांचे."

"म्हणजे कुठे लपवलेत ते ठाऊक असणार."

"लपवले दुसऱ्यांनी. मला माहीत असतं, तर... अजून हळू चाललो असतो."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र गरम झाले.

पहिला डबा चिंचेच्या ढोलीत मिळाला, दुसरा ओढ्याच्या काठी. तिसऱ्याची खूण होती, 'एकट्या पळसापासून ईशान्येला नव्वद पावलं.' माझी नव्वद पावलं आणि त्याची नव्वद पावलं दोन वेगळ्या झुडपांपाशी संपली. मग त्याने माझ्या पावलाला पाऊल जुळवून मोजायचं ठरवलं. पन्नासपर्यंत आम्ही मोठ्याने मोजत होतो. पुढे कोण मोजत होतं कुणास ठाऊक... पण डबा सापडला. दगडांच्या उतरंडीखाली.

पेन शोधायला मी पिशवी तिथेच ओतली. पाण्याची बाटली, रुमाल, दशम्या, दादांची कीर्तनाची वही... घाईघाईने नावं लिहिली, डब्यात माझी रिबीन ठेवली, त्यातला शिंपला घेतला. सगळं भरलं आणि निघालो.

दीडच्या सुमाराला दशम्या सोडल्या. रविराज म्हणाला, "मघाशी वाटेत कीर्तनाची वही म्हणालात ना? दाखवा की. मी कधी बघितलेली नाही."

मी अभिमानाने वही काढली, उघडली. आत लिहिलं होतं, 'दिनांक. नाव. काय घेतलं. काय ठेवलं.'

माझ्या हातातला घास तसाच राहिला.

दोन्ही वह्यांना खाकी कव्हर. मी डब्याची वही पिशवीत घातली होती आणि दादांची डब्यात! दादांच्या गुरूंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलेली वही ती. तीस वर्षं दादा ती समोर ठेवून उभे राहतात. उघडतात क्वचितच, पण ती नसली तर त्यांचा पहिला स्वर लागत नाही. पानं जीर्ण व्हायला लागली म्हणून मी काल सावेडीत झेरॉक्सला नेली, तर दुकानात वीज नव्हती, म्हणून ती पिशवीतच होती. जगात दुसरी प्रत नाही. आणि साडेपाचला कीर्तन.

"रडू नका," रविराज उठलासुद्धा. "डबा कुठे पळतोय? चला."

"तुमचा खेळ जाईल. दोनच डबे राहिलेत."

"जाऊ दे. बक्षीस म्हणजे एक टॉर्च आहे. मीच आणलीय."

रडता रडता मला हसू फुटलं.

धावतच पळसापाशी आलो. दगड बाजूला केले. डब्यात माझी रिबीन होती, लिमलेटच्या गोळ्या होत्या. वही नव्हती. तिच्या जागी मूठभर ताजी बोरं.

मी मटकन खाली बसले. रविराज मात्र बोरांकडे बघत राहिला. "आपल्यातल्या कुणाकडे बोरं नव्हती... आणि या लेंड्या बघा. मेंढरं इथून गेलीत."

खालच्या पडीक रानात मेंढरं दिसली. राखणाऱ्या बाईंनी हातातली काठी टेकली. बनुबाई त्यांचं नाव.

"मावशी, डब्यातली वही तुम्ही घेतली का?"

"वही कशाची, पोथी हुती ती! पयल्या पानाला गंध, बुक्का. मला वाचाया येत न्हाई, पर गंध कळतंय की. तुमी शिकल्यालं लोक, पोथी दगडाखाली घालता व्हय? लाज न्हाई वाटत?"

"चुकलं, मावशी," मी हात जोडले. "कुठे आहे ती?"

"वर गडावर, नाथांच्या देवळात, त्यांच्या पायापाशी ठिवली. आन् रिकामं कसं ठिवायचं म्हनून बोरं घातली त्यात." मग रविराजकडे बघून म्हणाल्या, "बघत काय ऱ्हायलास? पोरीचा जीव टांगनीला लागलाय. हात धर तिचा, वाट लई निसरडी हाय."

त्याने हात पुढे केला. "मावशींचा हुकूम आहे," असं अगदी हळू म्हणाला.

मी हात दिला. गडावर पोचेपर्यंत सोडवून घ्यायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

गाभाऱ्यात समईच्या उजेडात वही होती. वर पळसाचं एक केशरी फूल. मी वही छातीशी धरली आणि मनावरचा दगड असा उतरला की उंबऱ्यावरच बसून हसत सुटले, रडत सुटले. रविराजने पाण्याची बाटली पुढे केली. देवापुढे हात जोडताना मी वही मिळाली म्हणून आभार मानले. आणि हरवली होती म्हणूनही... थोडे.

साडेपाचला पाच मिनिटं असताना आम्ही मंडपात शिरलो. दादा फेटा बांधून उभे, नजर वाटेकडे. वही हातात पडताच त्यांनी ती कपाळाला लावली, उघडली. आत पळसाचं फूल.

"हे कुठलं गं नंदे?"

"नाथांच्या पायावरचं. सगळं सांगते, दादा. आधी कीर्तन."

पखवाजावर थाप पडली. दादांचा स्वर लागला, आणि माझा अडकलेला श्वास त्या स्वराबरोबर मोकळा झाला. टाळकऱ्यांत एक जागा रिकामी होती. कुणीतरी रविराजच्या हातात टाळ दिले. सुप्याचा हा कारागीर पहिल्यांदाच टाळ धरत होता. सगळे डावीकडे झुकले की हा उजवीकडे! पण चेहऱ्यावर असा आनंद, की दादासुद्धा त्याच्याकडे बघून हसले.

मागाहून मी सगळं सांगितलं. दादा म्हणाले, "माझे गुडघे दुखतात म्हणून वहीच दर्शन करून आली म्हणायची!" मग टाळ खाली ठेवणाऱ्या रविराजकडे पाहत म्हणाले, "ताल नाही पोराला. पण खेळ सोडून धावला."

मंडळाचा टेम्पो वेशीवर उभा होता.

"तुमची डब्याची वही माझ्याकडेच राहिलीय," मी म्हणाले.

"राहू द्या." तो पायाशी बघत होता. "आज नेली तर... परत यायला कारण काय सांगू?"

मी त्याच वहीतलं एक पान फाडलं. चार ओळी लिहिल्या, घडी घातली आणि त्याच्या हातात देऊन मागे न बघता निघाले. खोटं कशाला सांगू, बघितलं. टेम्पोच्या दिव्यापुढे तो वाकून वाचत होता.

'मारुतीच्या पारापासून पूर्वेला एकशे दहा पावलं. पावलं माझी धरावीत. दारात तुळस, तुळशीशेजारी शेवगा. सापडेल ते घ्यावं. बदल्यात काय ठेवायचं, ते माझ्या वडिलांना विचारावं.'

पुढच्या रविवारी सकाळी मी सडा टाकत होते. रस्त्यावरून कुणीतरी बारीक बारीक पावलं टाकत, ओठांत मोजत येत होतं. तोच निळा स्वेटर. तुळशीपाशी तो थांबला. एका हातात पेढ्यांचा पुडा आणि दुसऱ्या हातात...

"होकायंत्र उलटं धरलंय तुम्ही," मी म्हणाले.

ओसरीवरून दादांचा आवाज आला, "तरी नीट पोचलेत ना? मग त्यांना आत घे, पाणी दे."