तिसरा पडतो!

“पडला! पुन्हा पडला!”

मागच्या सीटवरून भोंगा एवढ्या जोरात ओरडला की शेजारी बसलेल्या लिंबूने दचकून खिडकीबाहेर मान काढली. “कोण पडलं?”

“कोणी नाही गं! गिअर पडला!”

टेकडीचा चढ अर्धा झाला होता. इंजिन नुसतेच किंचाळत होते आणि गाडी मंदावत चालली होती. आत्याने चपळाईने दुसरा गिअर टाकला, तेव्हा कुठे म्हातारी पुन्हा पुढे सरकली.

‘म्हातारी’ हे गाडीचे लाडके नाव. तिने इतकी वाट तुडवली होती, की अंतर मोजणारे आकडे एकदा संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले होते! आत्या परिचारिका होती. टेकडीवरच्या घरांतून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची मलमपट्टी करायला ती याच गाडीने जाई. सुट्टीत आलेली तिची भाचरे, शंकी आणि भोंगा, तसेच तिची धाकटी लेक लिंबू, ही तिघे आज हट्टाने सोबत निघाली होती. कारण आज म्हातारीची शेवटची फेरी होती.

“आत्या, खरंच आज संध्याकाळी भंगारवाला येणार?” शंकीने विचारले.

“तुझ्या आतोबांनी बोलावलाय. मेस्त्री म्हणाले, गिअरबॉक्स गेला. महिनाभरापूर्वी क्लचप्लेट बदलली, तरी दुखणं तेच.”

“मग तू वर कशी येणार?”

“नाही येणार. गाडी नसली तर मला दवाखान्यात टेबलाच्या कामाला बसवतील.” आत्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही. “वरच्या आजोबांच्या पायाची पट्टी कोण बदलणार, देव जाणे.”

प्रश्न विचारून विचारून शंकीचे हे नाव पडले होते. पण उत्तर मिळेपर्यंत ती प्रश्न सोडत नसे, हे फार थोड्यांना ठाऊक होते.

“मेस्त्रीकाकांनी या चढावर गाडी चालवून पाहिली?”

“छे! अंगणातच एक चक्कर मारली.”

“मग आपण पाहू! आत्या, खाली सपाट रस्त्यावर चल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं.”

“झाली हिची प्रयोगशाळा सुरू!” भोंगा म्हणाला. पण खिशातला खडू त्यानेच काढून दिला.

गिअरच्या दांड्याशेजारी शंकीने खडूची रेघ ओढली. सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश चालली. दांडा रेघेवर शांत उभा होता. गिअर पडला नाही.

“आता तोच रस्ता, तोच गिअर. फक्त ॲक्सिलरेटर जोरात दाब!”

आत्याने दाबला. दांडा रेघ सोडून मागे झुकला! पाय उचलताच ‘धप्प’ असा आवाज झाला आणि दांडा पुन्हा रेघेवर आला.

“अगं बाई! मान हलवतोय!” लिंबू किंचाळली.

“पुन्हा कर, आत्या.”

पुन्हा तसेच झाले. नंतर चढावर दांडा झुकत झुकत गेला आणि टक् करून गिअर निसटला. शंकीचे डोळे चमकले. “दात झिजले असते, तर दांडा असा ॲक्सिलरेटरच्या तालावर का नाचला असता? जोर इंजिनाला लागतो आणि हलतो दांडा. आत्या, इंजिनच तर हलत नाही ना?”

आत्याने गाडी थेट गॅरेजकडे वळवली.

मेस्त्रीकाका एका चाकाशी झटत होते. वर न पाहताच ते म्हणाले, “ताई, मी सांगितलं ना? म्हातारपणाला औषध नाही!”

“काका, आत्याने तुम्हाला काय तक्रार सांगितली होती?” शंकीने विचारले.

“हेच की, चढावर गाडी ओढत नाही, पण तिसरा पडतो.”

“‘पण’ मी म्हणालेच नव्हते!” आत्या म्हणाली.

“काका, पडतो म्हणजे काय?”

“आता काय शब्दकोश उघडू? पडतो म्हणजे लागतो! गिअर नीट पडतो आणि तरी गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच घसरतो. म्हणून प्लेट बदलली. तरीही ओढेना, म्हणून गिअरबॉक्स!”

“अहो मेस्त्री!” आत्याने कपाळाला हात लावला. “पडतो म्हणजे लागलेला निसटतो! खाली पडतो!”

मग भोंगा खो खो हसत सुटला. “म्हणजे गिअर पडला, काकांना वाटलं पडला, पण तो पडला!”

मेस्त्रीकाकांचे कान लाल झाले. “एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही,” ते पुटपुटले. शंकीने त्यांना खडूची रेघ दाखवली आणि ॲक्सिलरेटर दाबताच दांडा कसा झुकतो ते सांगितले. दांड्याचा नाच ऐकताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

“मुलांनो, त्या भिंतीपाशी उभे राहा. गाडीसमोर कोणी येऊ नका!”

त्यांनी बॉनेट उघडले आणि स्वतःही बाजूला झाले. आत्याने ब्रेक घट्ट दाबून क्लच किंचित सोडला. त्यासरशी अख्खे इंजिन खुर्चीतून उठल्यासारखे वर आले आणि धप्पकन खाली बसले!

“माउंटिंग तुटलंय!” मेस्त्रीकाका ओरडले. “इंजिन ज्या रबरी उशीवर बसतं, ती फाटलीय. इंजिन कलंडलं की दांड्याची जोडणी ओढली जाते आणि गिअर निसटतो. गिअरबॉक्स ठणठणीत आहे!”

“मग बसवा ना नवी उशी! भंगारवाला निघालासुद्धा असेल!” लिंबू रडकुंडीला आली.

मेस्त्रीकाकांनी कपाटातून नवी उशी काढली आणि लगेच बसवायला घेतली.

म्हातारी घरी पोहोचली, तेव्हा दाराशी भंगारवाल्याचा ट्रक उभा होता. आतोबा चिडून फेऱ्या मारत होते. “कुठे होता सगळे? किल्ली द्या इकडे!”

“देते,” शंकी त्यांच्यासमोर ठाम उभी राहिली. “पण आधी एकदा टेकडीवर चला, आतोबा. गिअर पडला, तर मी स्वतः दोर बांधून देईन.”

“पोरीसोरींच्या नादाला...” आतोबांचे वाक्य अर्धेच राहिले. मागच्या सीटवरून मेस्त्रीकाका उतरले होते.

“बसा साहेब. चूक माझी आहे. नीट न विचारता, चढावर न नेताच मी निदान केलं.”

आतोबा बसले. आत्याने चढावर तिसरा गिअर टाकला. तो अवघड टप्पा आला. दांडा रेघेवरून तसूभरही हलला नाही. म्हातारी गुरगुरत वळण चढली आणि थेट आजोबांच्या फाटकाशी थांबली.

“आलीस का गं?” आतून आजोबांची हाक आली. “मला कोणीतरी सांगितलं, आता येणार नाहीस म्हणून!”

“चुकीचं सांगितलं!” आत्या पट्ट्यांची पेटी उचलून आत गेली.

आतोबांनी टोपी काढून डोके खाजवले. “शंके, मी विचारायला हवं होतं. घाई केली. शाबास, पोरी!” मग त्यांनी ट्रकवाल्याला फोन करून परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारावर मोठ्या अक्षरांत एक पाटी लागली: ‘येथे गिअर “लागतो” किंवा “निसटतो”. “पडतो” म्हणणाऱ्याने गाडी चढावर नेऊन दाखवावी.’

भोंगा पाटी वाचत मागे मागे सरकला आणि टायरला अडखळून धाडकन आपटला.

“काका!” लिंबू ओरडली. “आमचा दादा पडला!”

मेस्त्रीकाकांनी गाडीखालून डोके बाहेर काढले. “लागला की निसटला?”